फिरायला जाण्याआधी वारा पाहा

डिसेंबर-जानेवारीत आपल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : पुण्यात महाबळेश्वरपेक्षा जास्त थंडी. लोक ती गमतीने वाचतात आणि पान उलटतात. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचं पुणं गारठलेलं आणि तेराशे मीटरहून उंच महाबळेश्वर त्या मानाने ऊबदार, हे तसं उलटंच. एरवी दर किलोमीटर उंचीमागे तापमान सरासरी सहा-साडेसहा अंशांनी उतरायला हवं. घरात कुणाला दमा असेल, लहान मूल किंवा ऐंशीच्या घरातले आजोबा असतील, तर ही बातमी नुसती गंमत म्हणून सोडून देऊ नये. त्या सकाळी पुण्याची हवाही खराब असण्याची शक्यता बरीच असते. थंडी आणि धूर या दोन्हींचं मूळ आदल्या रात्रीच्या हवामानात असतं.

आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला, की रात्री जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते. जमिनीलगतची हवा तिच्याबरोबर गार होते. गार हवा जड, त्यामुळे ती टेकड्यांच्या उतारांवरून खाली सरकते आणि नदीकाठच्या, खोलगट भागांत साचते. तिच्या डोक्यावर शे-दोनशे मीटरवर तुलनेने ऊबदार हवेचा थर असतो. दिवसा तापलेली हवा वर उठते आणि जाताना धूर, धूळ सोबत नेते. इथे खालची हवाच जड असल्यामुळे ती उठत नाही, आणि तिच्यातला धूरही जागचा हलत नाही. शाळेच्या भूगोलात आपण याला तापमानाची विपरीतता म्हणायचो. या लेखापुरतं त्या थराला छप्पर म्हणू या. दुपारी हजार मीटरवर असलेलं छप्पर पहाटे दोनशे मीटरवर उतरलं, तर तेवढ्याच धुराला एक-पंचमांश जागा उरते. रस्त्यावर एकही गाडी न वाढता धुराचं प्रमाण पाचपट होऊ शकतं.

हे डोळ्यांनीही दिसतं. जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला पर्वतीवर किंवा हनुमान टेकडीवर उभं राहून शहराकडे पाहावं. खाली इमारतींच्या माथ्यांवरून एक मळकट तपकिरी पट्टा सरळ रेषेत कापल्यासारखा पसरलेला असतो आणि त्याच्या वर आकाश निळं असतं. टेकडी चढायची नसेल, तर कोपऱ्यावरच्या शेकोटीचा धूर पाहा. तो सरळ वर जाऊन विरून गेला तर ठीक. थोडा वर चढून अडला आणि आडवा पसरत गेला, तर छप्पर आपल्या डोक्याशी आलं आहे असं समजायचं. यासाठी कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

असं हवामान किती घातक ठरू शकतं, त्याची दोन उदाहरणं जगाला माहीत आहेत. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत लंडनवर वारा थांबला, छप्पर खाली आलं आणि घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा व कारखान्यांचा धूर तिथेच कोंडला. तेव्हाच्या हिशेबाने चार हजार माणसं गेली. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. दुसरं आपल्याच देशातलं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून सुटलेला वायू हवेपेक्षा जड होता, रात्र थंडीची होती आणि वारा मंद होता. वायू वर न जाता वस्तीतूनच सरकत गेला. त्या दुर्घटनेचा दोष हवामानाचा नव्हे, हे सांगायला नको. पण तीच गळती मे महिन्यातल्या भर दुपारी झाली असती, तर वायू पातळ होऊन वर चढायला वाव मिळाला असता.

आता आपल्या सकाळच्या फिरण्याकडे येऊ. ‘पहाटेची शुद्ध हवा’ ही आपली जुनी समजूत गावाकडच्या, गाड्या नसलेल्या काळातली आहे. शहरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत ती बाजूला ठेवावी लागते. सूर्य उगवला की लगेच सुटका होते असंही नाही. छप्पर उचललं जायला जमीन तापावी लागते, त्याला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी शाळेच्या बस, रिक्षा, ऑफिसला निघालेल्या दुचाक्या रस्त्यावर येतात. म्हणजे धूर सर्वांत जास्त आणि जागा सर्वांत कमी, असा सात ते दहाचा काळ. निवृत्त मंडळींना हिवाळ्यापुरतं दुपारी चार-साडेचारला फिरायला जाता येत असेल, तर त्यांनी तेच करावं. सहानंतर छप्पर पुन्हा उतरायला लागतं, त्यामुळे जेवणानंतरची शतपावली हिवाळ्यात घरातच बरी.

नोकरीवाल्यांना हे परवडत नाही, मान्य. त्यांनी वेळेऐवजी जागा बदलावी. कर्वे रस्त्यासारख्या रहदारीच्या रस्त्याच्या कडेने धावण्यापेक्षा शे-दोनशे मीटर आत, गल्लीतल्या मैदानावर धावलेलं कितीतरी बरं. गाड्यांच्या धुराचं प्रमाण रस्त्यापासून दूर जाताना झपाट्याने उतरतं. दोन्ही बाजूंना उंच इमारतींची सलग रांग असलेला रस्ता टाळावा, कारण वारा आडवा असला की तिथली हवा भोवऱ्यासारखी आतल्या आतच फिरत राहते. टेकडी जवळ असेल तर वर जावं. आणि ज्या दिवशी शेकोटीचा धूर आडवा पसरलेला दिसेल, त्या दिवशी धावण्याऐवजी चालावं. धावताना आपण शांत बसलेल्या माणसाच्या कित्येक पट हवा आत ओढतो, आणि तीही बऱ्याचदा तोंडाने.

मुंबईचं गणित निराळं, कारण तिथे समुद्र आहे. ‘आमच्याकडे समुद्राचा वारा आहे, आमची दिल्ली होणार नाही’ हे वाक्य मुंबईकराच्या तोंडी अनेक वर्षं होतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. हिवाळ्यात रात्री आणि सकाळी मुंबईत वारा जमिनीकडून समुद्राकडे मंदपणे वाहतो, आणि येताना आतल्या भागातला धूर व धूळ शहरावर आणतो. दुपारच्या सुमाराला जमीन तापली की वारा फिरतो आणि समुद्राकडून यायला लागतो. मुंबईची हवा धुऊन काढण्याचं काम हा फिरलेला वारा करतो. तो ज्या दिवशी उशिरा फिरतो किंवा नुसता झुळझुळतो, त्या दिवशी दुपारीसुद्धा वरळीहून समोरच्या वांद्र्याच्या इमारती धूसर दिसतात. म्हणून मुंबईत हिवाळ्यातल्या खिडकीचा नियम सोपा : सकाळी बंद, वारा पश्चिमेकडून यायला लागला की सताड उघडी, दिवेलागणीला पुन्हा बंद. तसंही डासांसाठी आपण तेव्हा खिडक्या लावतोच. मात्र बंद खोलीत डासांची कॉइल किंवा उदबत्ती लावली, तर बाहेरचा धूर अडवण्याला काही अर्थ राहत नाही.

ऑक्टोबरचा काळ मुंबईत वेगळा सांभाळावा लागतो. नैऋत्येचे जोरदार वारे निघून गेलेले असतात, उत्तरेचे अजून स्थिरावलेले नसतात. पावसाने चार महिने दाबून ठेवलेली धूळ वाळते आणि नेमकी बांधकामं जोरात सुरू होतात. त्यातच दिवाळी येते. ती कधी येते, यावरही बरंच अवलंबून असतं. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. जितकी उशिरा, तितकी रात्र गार आणि छप्पर खाली. २०२३ ला मात्र दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला आणि हवा एकदम निवळली. त्याआधी काही आठवडे उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली होती आणि महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली होती : भोवती उंच पत्रे, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे, झाकलेले ट्रक. पाऊस पडला, आकडे उतरले आणि नियमांवरची चर्चाही ओसरली. तसं व्हायला नको होतं. पावसाने हवा धुतली म्हणून धूळ तयार व्हायची थांबलेली नसते.

हाच मुद्दा उलट्या बाजूनेही लागू आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा लांबलचक काळ बिघडली, तेव्हा काही शास्त्रज्ञांनी सलग तिसऱ्या वर्षी टिकलेल्या ला निना या हवामानस्थितीकडे आणि त्यामुळे बदललेल्या वाऱ्यांकडे बोट दाखवलं. ते चुकीचं नव्हतं. पण मंद वारा धूळ निर्माण करत नाही, तो असलेली धूळ फक्त जागेवर ठेवतो. ‘हवामान प्रतिकूल आहे’ हे कारण कुणी पुढे केलं, की आपण विचारायचं : मग प्रतिकूल दिवशी तुम्ही काय बंद ठेवलंत? ३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व या भागांतली बांधकामं थांबवायला सांगितलं, कारण तिथला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दोनशेच्या वर राहिला होता. माझ्या मते ही दिशा बरोबर होती. फक्त अंदाज पाहून दोन दिवस आधी असं केलं, तर त्याचा उपयोग जास्त.

आणि अंदाज मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही हवेची माहिती आणि अंदाज देणारी यंत्रणा उभी केली; ती २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत सुरू झाली आणि पुढे पुण्या-मुंबईतही आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे अ‍ॅप जवळच्या केंद्राचा निर्देशांक दाखवतं. तो पाहताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सूक्ष्म धूलिकणांच्या, म्हणजे पीएम २.५ च्या बाबतीत हा निर्देशांक मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. सकाळी आठला दिसणाऱ्या आकड्यात कालची स्वच्छ दुपारही मिसळलेली असते. त्यामुळे आकडा १२० आणि बाहेर डोळे चुरचुरताहेत, असं होऊ शकतं. घराबाहेर पडायचं की नाही हे ठरवताना तासागणिक येणारे पीएम २.५ चे आकडे मिळाले तर ते पाहावेत. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ही आपल्याकडची २४ तासांची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २०२१ पासून १५ आहे. निरोगी माणसाने साठ ही खूण धरायला हरकत नाही. दमेकऱ्याने साठपर्यंत वाट पाहू नये.

त्याच्या जोडीला हवामान खात्याचा अंदाज पाहायचा. त्यात तीन गोष्टी बघायच्या : वाऱ्याचा वेग, रात्रीचं किमान तापमान आणि आभाळ. दिल्लीसाठी अंदाज देणारे शास्त्रज्ञ छपराची उंची आणि वाऱ्याचा वेग यांचा गुणाकार करतात. छप्पर हजार मीटर आणि वारा सेकंदाला तीन मीटर, म्हणजे गुणाकार तीन हजार. तो सहा हजारांच्या खाली असला आणि वारा ताशी दहा किलोमीटरपेक्षा कमी असला, तर धूर पांगायला परिस्थिती प्रतिकूल मानतात. घरी गुणाकार करत बसायची गरज नाही. हिवाळ्यात वारा दहाच्या खाली, आभाळ निरभ्र आणि किमान तापमान उतरतंय, असं तिन्ही जुळलं की उद्याची सकाळ घरात काढायची.

ढगांबद्दल थोडं जपून बोलायला हवं. रात्री ढग असले तर जमीन फार गार होत नाही, छप्पर फार उतरत नाही. पण दिवसभर ढग राहिले तर ते वरही चढत नाही, आणि दुपार स्वच्छ असेल हा भरवसा संपतो. पावसाचंही तसंच. जोरदार सर मोठी धूळ खाली पाडते. भुरभुर पावसाने फार फरक पडत नाही, पीएम २.५ सारखे बारीक कण थेंबांच्या मधून निसटतात, आणि दमट हवेत पाणी शोषून फुगल्यामुळे समोरचं आणखीच धूसर दिसतं. हिवाळ्यातल्या नुसत्या शिडकाव्यानंतर ‘हवा छान झाली’ म्हणून मुलांना मैदानावर पाठवू नका. तास-दोन तासांचा दमदार पाऊस आणि मागोमाग वारा आला, तर खुशाल पाठवा.

मार्च उजाडला की हे सगळं वेळापत्रक फिरवायचं. एप्रिल-मेमध्ये पुणे, नाशिक, नागपूरकडे दुपारी छप्पर दोन-तीन किलोमीटर वर जातं, धूर विरळ होतो आणि पीएम २.५ उतरतं. पण त्याच कडक उन्हात गाड्यांच्या धुरातले वायू एकमेकांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार होतो. उंचावरच्या आकाशातला ओझोन आपल्याला राखतो. नाकाजवळचा घसा खवखवायला लावतो आणि दम्याला उठवतो. तो दुपारी एक ते चारच्या सुमाराला सर्वांत जास्त असतो. म्हणून हिवाळ्यात दुपारी फिरायला गेलेल्यांनी उन्हाळ्यात पहाटे जावं. धूलिकणांसाठीचा एन ९५ मास्क ओझोनसारखा वायू अडवत नाही, तेव्हा दुपारी घरात राहणं हाच उपाय. उन्हामुळे आपण तसेही घरातच असतो, एवढं बरं.

जोराचा वारा नेहमी हवा साफच करतो असंही मानू नये. २२ आणि २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानच्या बाजूने उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्रावरून मुंबई-पुण्यापर्यंत आलं. गाड्यांच्या काचांवर पांढुरकी पूड बसली, सूर्य फिकट दिसू लागला आणि वारा चांगला वाहत असूनही निर्देशांक चढला. वारा आला म्हणून खिडकी उघडण्याआधी तो कुठून येतोय आणि क्षितिज स्वच्छ आहे का, हे पाहून घ्यावं.

हे सगळं शहरापुरतं नाही. निफाडकडे कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात. त्यामागे पिढ्यांचं निरीक्षण आहे : धूर वर जात नाही, वेलींच्या उंचीवर आडवा राहतो. बागेला वाचवणारी ही हवा बागेतल्या घरात झोपलेल्या माणसांच्या मात्र जिवावर येते. ज्या रात्री धूर करायचा, त्या रात्री दमेकरी आणि तान्ही मुलं दुसऱ्या घरी, शक्य तर उंचावरच्या वस्तीत झोपवावीत. बागेला पाणी देणं हाही थंडीवरचा जुना उपाय आहे आणि त्याला धूर नाही. उसाचं पाचट जाळण्याला मात्र बचाव नाही. वारा पडल्यावर पेटवलं की आग आवाक्यात राहते, असा हिशेब असतो. पण वारा पडलेली संध्याकाळ म्हणजे तो धूर रात्रभर आपल्याच वस्तीवर ठेवणारी वेळ. पाचट कुट्टी करून शेतात ठेवलं, तर जमीन ओल धरून ठेवते आणि खताचा खर्च कमी होतो, हे कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय.

सोसायट्यांना करण्यासारखं बरंच आहे, आणि ते स्वस्त आहे. रात्रीच्या वॉचमनकाकांना एक छोटा विजेचा हीटर आणि जाड जॅकेट दिलं, की टायर-प्लास्टिकसकट पेटणारी शेकोटी बंद होते. त्यांच्यावर नुसतं ओरडून ती बंद होत नाही; थंडी त्यांना वाजते, आपल्याला नाही. पालापाचोळा जाळू देऊ नये, खड्डा करून कुजवावा. आवार कोरडं झाडायची वेळ सकाळी सहावरून अकरावर न्यावी, किंवा आधी पाणी शिंपडावं. पार्किंगमध्ये गाडी ‘गरम’ करत पाच मिनिटं चालू ठेवायची सवय सोडायला लावावी. तळमजल्यावरच्या घरांत तो धूर थेट शिरतो. जनरेटरची आठवड्याची चाचणी दुपारी दोनला घेतली, तर कुणाचंच काही बिघडत नाही.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का, असं लोक विचारतात. आजारी माणसाच्या एका खोलीसाठी, खिडक्या बंद ठेवून, हेपा फिल्टर असलेलं आणि खोलीच्या आकाराला पुरेसं यंत्र उपयोगी पडतं. अख्ख्या घरासाठी हॉलमध्ये एक ठेवणं म्हणजे पैसे वाया. रुमाल किंवा कापडी मास्कचा बारीक कणांपुढे फारसा उपयोग नाही. एन ९५ सुद्धा नाकाच्या कडेने हवा आत येत असेल तर कुचकामी.

दमा किंवा सीओपीडीसारखा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांनी पावसाळा संपता संपता, सप्टेंबरच्या अखेरीला डॉक्टरांना भेटून यावं. रोजचं औषध आणि अचानक धाप लागल्यावर घ्यायचं औषध वेगळं असतं, ते समजून घ्यावं. पंपाची मुदत आणि त्यात औषध किती उरलंय ते पाहावं. फ्लूच्या लशीबद्दल विचारावं. एका साध्या वहीत धाप लागल्याची वेळ, त्या वेळचा वारा, आभाळ आणि जमलं तर पीएम २.५ चा आकडा लिहीत जावं. महिनाभरात दिसायला लागतं की आपल्याला थंडीच्या सकाळी त्रास होतो, धुळीच्या वाऱ्यात होतो की उन्हाळ्याच्या दुपारी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्यावी. औषधाचं प्रमाण आणि वेळा ठरवायला त्यांना तिचा उपयोग होतो.